कोन पाह्यते तुले?

सर राउंडला हेल्मेट घालून यायचे.

मुद्दाम नाही. मोटरसायकल पोर्चात लावली की त्यांचे पाय थेट वॉर्डाकडे वळायचे आणि डोक्यावर काय आहे याची त्यांना आठवण राहायची नाही. काच तेवढी वर केलेली असायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी पार्सल घेऊन आलंय. मी त्यांना ऑफिसचा रस्ता दाखवला. ते म्हणाले, ऑफिस मले मालूम हाय डॉक्टरबाई, तुमचे पेशंट कुठं हायेत ते दाखवा. मग सिस्टरनं मागून येऊन, रोजचंच काम असल्यासारखं, त्यांच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला.

गावाचं नाव मी सांगणार नाही. लाखांदूरकडच्या धानाच्या बांध्यांमधून एसटी जाते, त्या रस्त्यावरचं एक सरकारी रुग्णालय, एवढं पुरे. मी सांगलीची. कॉलेजनं इंटर्नशिपच्या शेवटच्या पोस्टिंगसाठी आम्हा चौघांना तिथं पाठवलं होतं, आणि मी जाताना ठरवूनच गेले होते की दिवस ढकलायचे, सही घ्यायची आणि निघायचं.

इंटर्नशिपचं वर्ष बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. शेवटची परीक्षा पास झालेली असते, घरच्यांनी नातेवाइकांत 'आमची डॉक्टर' म्हणून मिरवायला सुरुवातही केलेली असते. पण वर्षभर राबल्याशिवाय डॉक्टर म्हणून नोंद होत नाही. ना विद्यार्थी, ना डॉक्टर. कधी मेडिसिन, कधी सर्जरी, कधी बाळंतपणं, कधी खेडं. रक्त काढा, सलाईन लावा, रिपोर्टांमागे पळा, मोठ्यांच्या शिव्या खा. प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटी तिथल्या साहेबांची सही लागते. सही अडली की एक्स्टेन्शन, म्हणजे तेच पोस्टिंग पुन्हा. आणि ठरलेल्या तारखेच्या आत वर्ष संपलं नाही, तर पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेला बसता येत नाही, ते वर्ष पाण्यात. त्यामुळे प्रत्येक इंटर्नचा एक कान पेशंटकडे असतो आणि एक खिशातल्या मोबाइलकडे. कुणाचा कितवा सराव पेपर झाला, कोण कुठल्या क्लासला चिकटलं, ग्रुपवर दिवसभर टुणटुणत असतं. त्या वर्षात मला एकदाही सलग झोप लागल्याचं आठवत नाही, आणि ते काही फक्त ड्युटीमुळे नव्हतं.

म्हणून इंटर्न लोक आपसांत जमवून घेतात. दोघं थांबतात, दोघं अभ्यासाला जातात, मस्टरवर सह्या मात्र चौघांच्या. हे सगळीकडे चालतं आणि सगळ्या साहेबांना माहीत असतं.

सरांनाही माहीत होतं. म्हणून ते मस्टर बघायचेच नाहीत. ते हजेरी पेशंटकडून घ्यायचे.

प्रत्येक इंटर्नला ठरावीक खाटा वाटून दिलेल्या. सकाळी सर वॉर्डात शिरले की पहिल्या खाटेपाशी जाऊन विचारायचे, "कोन पाह्यते तुले?" पेशंटनं नाव सांगितलं तर तो इंटर्न हजर. नाव सांगता आलं नाही तर गैरहजर, मग तो इंटर्न तिथंच खाटेशेजारी सलाईनची बाटली धरून उभा का असेना. एकदा एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि सांगितलं, ही पोरगी तं सुई टोचाले येते, डॉक्टर कोन हाय मले नाही मालूम. माझी त्या दिवसाची गैरहजेरी लागली. मी चिडून म्हटलं, सर, मी समोर उभी आहे. ते पुढच्या खाटेकडे चालू लागले होते. चालता चालता म्हणाले, तुमी माह्यासमोर उभ्या हा, त्याच्यासमोर नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक पेशंटला माझं नाव पाठ करून घ्यायला लागले. आधी नाव, मग ताप किती आहे ते. माझं नाव तिकडच्या जिभेला अवघड, शेवटी 'सांगलीवाली' हे सर्वानुमते ठरलं आणि सरांनीही ते मान्य केलं. आम्ही आपसांत त्यांची टिंगल करायचो, पण एक गोष्ट खरी की नाव सांगायचं म्हणजे पेशंटच्या तोंडाकडे बघावं लागायचं, आणि तोंडाकडे बघितलं की तोही काहीतरी बोलायचा. कॉलेजच्या मोठ्या वॉर्डात मी महिनोन् महिने पेशंटच्या हाताच्या शिरांकडेच बघत काम केलं होतं.

त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, फोनवर बोलताना व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. त्यांच्याशी काही बोलायचं असलं की आपणही चालायला लागायचं. खिशात उकडलेले शिंगाडे असायचे, तळ्यावरची माणसं आणून द्यायची. सोलून एक आपल्या हातावर ठेवायचे आणि दुसरा तोंडात टाकून पुढे निघायचे. पेशंटला "काही नाही, ठीक आहे" असं कुणी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. काही नसतं तं तो एसटीनं धक्के खात आला असता का, म्हणायचे.

एकदा दुपारी त्यांनी मला वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर झोपायला लावलं. बाकीचे पेशंट कौतुकानं बघत होते, मी शरमेनं लाल. सर, सिस्टर आणि माझे सोबती खाटेभोवती उभे राहिले आणि माझ्या वरून एकमेकांशी बोलत राहिले. मग सरांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, पंख्यावरची धूळ. आणखी? आणखी तुमच्या सगळ्यांच्या नाकपुड्या. ते इतके खूश झाले की माझ्या हातावर दोन शिंगाडे ठेवले. म्हणाले, "हेच दिसते जी पेशंटले. नाकाचे भोकं. म्हून वाकून बोलत जा."

हजेरीचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही असंच चालता चालता. ते सिहोऱ्याकडच्या ढीवराच्या घरातले, वडील नदीवर मासे धरायचे. सर स्वतः इंटर्न होते तेव्हा वडिलांना त्यांच्याच कॉलेजच्या वॉर्डात भरती केलेलं. सर दुसऱ्या खात्यात ड्युटीला. वडील गेले. कोण बघत होतं म्हणून ते विचारत फिरले, तर जो तो म्हणाला, आम्ही सगळेच बघत होतो. "सारेच पाह्यत होते डॉक्टरबाई. म्हून कोनीच नाही पाह्यलं," एवढं म्हणून ते एकदम वळले आणि प्रयोगशाळेतल्या माणसावर, एका रिपोर्टवरून, विनाकारण खेकसले.

आता निखिलबद्दल. आमच्यातला तो एकटा तिथला, लाखनीचा. वडिलांचं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान. घराण्यात पहिला डॉक्टर, आणि घरच्यांना आता नुसता डॉक्टर पुरेसा वाटत नव्हता, सर्जन हवा होता. पोरगा हुशार आणि गोड, बोली पेशंटची, त्यामुळे त्याची हजेरी कधी चुकायची नाही. आम्ही नाव पाठ करून घ्यायचो, त्याचं नाव पेशंट आपणहून घ्यायचे.

सगुणाबाई त्याच्या वाट्याच्या खाटेवर होती. साठीच्या आसपासची, तळ्याकाठच्या वस्तीतली, मासे विकणारी. जाळं झटकताना एका माशाचा काटा तळपायात शिरला होता. तिला आधीपासून साखरेचा आजार, पायाला मुंग्या, अर्धी जाणीव गेलेली. पाऊल सुजल्यावर मुलानं आणून भरती केलं. निखिल तिला 'माय' म्हणायचा, रोज स्वतः पट्टी सोडून जखम बघायचा, धुवायचा, बांधायचा. जखम सुधारत होती. ती त्याला विचारायची, बाबू, तुही परीक्षा कदी? आणि त्यानं तिला सगळं समजावून सांगितलेलं: सही म्हणजे काय, एक्स्टेन्शन म्हणजे काय, वर्ष जातं म्हणजे काय. गप्पांच्या ओघात सांगितलं असणार, तो सगळ्यांशीच बोलायचा.

मग नागपूरला त्याच्या क्लासची मोठी सराव परीक्षा आली. तो गेला, दोन दिवसांसाठी. जाताना खाटाखाटांवरून सांगून गेला: सरांनी विचारलं तर माझंच नाव सांगा. आमच्यापैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, गैरहजर असताना आमचे पेशंटही असंच आमचं नाव सांगायचे. मला उशीर झाला तर पट्टी बदला, एवढंच त्यानं सिस्टरला सांगून ठेवलं होतं, नागपूरचं नाही.

सगुणाबाईनं ते मनावर घेतलं. सर आले, कोन पाह्यते तुले, तिनं ठणकावून सांगितलं, निखिल डॉक्टर, आताच पाहून गेला. सर पुढे गेले. सिस्टर पट्टी बदलायला गेली तर तिलाही तेच. आता बांधून गेला तो, सोडू नोको म्हणे. कारण पट्टी सोडली, काही निघालं, तर दुसरा डॉक्टर बोलवावा लागेल, आणि दुसरा डॉक्टर आला की पोरगं नाही हे सरांना कळेल, हा तिचा हिशेब. पाय ठणकायला लागला असणार, जितकी जाणीव शिल्लक होती तितका. ती बोलली नाही. वास सुटला होता, त्याचा दोष खाटेखालच्या पिशवीवर गेला. पिशवीत सुकी मासोळी होती, मुलानं आणलेली. सिस्टर तिच्यावर रागावली, पिशवी बाहेर नेऊन ठेव म्हणाली. सगुणाबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पिशवी जवळ ओढली.

निखिल दोन दिवसांनी यायचा होता. परीक्षेनंतर चर्चा होती म्हणून आणखी एक दिवस राहिला.

त्या सकाळी राउंडला मी सरांच्या मागेच होते. हेल्मेट अजून डोक्यावर. ते सगुणाबाईच्या खाटेपाशी आले, नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, निखिल डॉक्टर. सर पुढच्या खाटेकडे वळले. वळताना सहज म्हणाले, जेवली का व? ती म्हणाली, "निखिल डॉक्टर."

सर थांबले. त्यांनी हेल्मेट स्वतःच्या हातानं काढलं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिच्यावर वाकून हळू आवाजात विचारलं, "तुहं नाव काय हाय, माय?"

"निखिल डॉक्टर पाह्यते जी मले. रोज येते."

तिचे डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. सरांनी खोल श्वास घेतला. म्हणाले, हा मासोळीचा वास नाही. ते ज्या घरात वाढले तिथं दुसरा वास नव्हता, त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पट्टी सोडली. आतल्याचं वर्णन मी करणार नाही. पाऊल काळं पडलं होतं आणि काळं घोट्याच्या वर चढत होतं. ताप नव्हता, साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो येतोच असं नाही, हे आम्ही सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं होतं.

सलाईन, इंजेक्शनं, ऑक्सिजन, अॅम्ब्युलन्स. सर आणि मी तिच्यासोबत नागपूरला निघालो. अॅम्ब्युलन्समध्ये येरझारा घालायला जागा नव्हती, सरांना बसावंच लागलं. त्यांचे गुडघे सारखे हलत होते. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, निखिल कुठं हाय? मी सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं. मग त्यांनी सगुणाबाईकडे बघत विचारलं, "हे बोलाले तिले कोनं शिकवलं?"

निखिलचा राग आला होता, त्या बाईच्या वेड्या मायेचा आला होता, आणि सगळ्यात जास्त समोर गुडघे हलवत बसलेल्या या माणसाचा. सही त्यांच्याच हातात होती, माझीही. तरी मी म्हटलं, "तुम्ही, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुडघे थांबले. भंडारा गेलं, नागपूर आलं. उतरताना स्ट्रेचरचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं.

ती वाचली. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी बंद झाली. सर राउंडला यायचे, प्रत्येकाची पट्टी स्वतः सोडायचे, पांघरूण बाजूला करून पाय बघायचे, ज्याला खोकला त्याचेही. राउंड दुपारपर्यंत चालायचा. कुणाला काही विचारायचे नाहीत. पेशंट आपणहून आमची नावं सांगायचे, सवयीनं, तेव्हा सर मान फिरवायचे.

निखिल परत आला तो पार बदलूनच. रागावतील, अपमान करतील, कॉलेजला कळवतील, सगळ्याची त्याची तयारी होती. सर काहीच बोलेनात. मग तोच त्यांच्यामागे फिरायला लागला. रोज व्हरांड्यात ते पुढे आणि हा मागे. अखेर पोस्टिंग संपत आलं तेव्हा त्यानं त्यांना अडवलं. मी आणि सिस्टर औषधांच्या खोलीच्या दारात होतो, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, सर, सही करू नका, मला एक्स्टेन्शन द्या, मी यंदा परीक्षेला बसणार नाही. त्याला शिक्षा हवी होती. मला ते समजत होतं. शिक्षा झाली असती तर तो कधीतरी तिच्यातून सुटला असता.

सर त्या दिवशी उभेच राहिले, चालले नाहीत.

"तुह्यं वर्स वाचावं म्हून तिनं पाय देल्ला," ते म्हणाले. "आता मी तुह्यं वर्स घेऊ, अन् तिचा पाय फुकट घालवू? नाही. तू बसशीन परीक्षेले."

निखिल म्हणाला, सर, मला जमणार नाही. सर म्हणाले, मले तरी कुठं जमून राहिलं.

सगुणाबाई तेव्हा परत आमच्याकडेच होती. नागपूरनं पुढच्या मलमपट्टीसाठी पाठवली होती, त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. निखिल तिची पट्टी करायचा, पण आता मान वर करायचा नाही आणि 'माय' म्हणायचा नाही. ती मात्र पूर्वीसारखीच बडबडायची. एकदा सिस्टर तिच्यासमोर त्याला टाकून बोलली, तर सगुणाबाईच उलट तिच्यावर तडकली. काटा माशाचा होता, डॉक्टरचा नोहता, म्हणाली.

शेवटच्या दिवशी सरांनी आम्हा चौघांना तिच्या खाटेपाशी बोलावलं. आमच्या तिघांच्या सह्या उभ्या उभ्या, भराभर केल्या. निखिलची सह्यांची पुस्तिका मात्र तिच्या खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवली, पेन काढलं, आणि तिला दिसेल अशी सावकाश सही केली. मग वाकून तिला सांगितलं, "झाला व तुहा डॉक्टर पास."

तो पास वगैरे झाला नव्हता, परीक्षा तर पुढेच होती. पण तिला ते सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. तिचा चेहरा असा फुलला की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. तिनं सोबतीला असलेल्या सुनेला स्टँडवर पिटाळलं. सून पेढ्यांचा पुडा घेऊन आली. सगुणाबाईनं सगळ्या वॉर्डाला वाटायला लावले, सिस्टरलासुद्धा, आणि शेवटचा स्वतःच्या हातात घेऊन निखिलला जवळ ये म्हणाली.

तो जवळ गेला. चादरीखाली एका बाजूला तिचं पाऊल दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला चादर सपाट होती. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि पेढा त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं अर्धा तोडला आणि तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मला वाटलं, आता सर काहीतरी करतील, त्याला बाहेर नेतील, निदान पाणी देतील.

सर म्हणाले, "पुरा खा, बाबू."

त्यानं पुरा खाल्ला. सगुणाबाई त्याच्या तोंडाकडे हसत बघत होती, आणि शेवटचा घास गिळेपर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.